सासूचा हात, सुनेचा हात

विहीर दिसली आणि आमचे दोरवाले सर सरळ निघून गेले, असं मी दोन वर्षांत एकदाही पाहिलं नाही. सायकलवर असतील तर सायकल बाभळीला टेकवायची, बैलगाडीत असतील तर गाडीवानाला "जरा थांबा मामा" म्हणायचं, आणि जाऊन आत डोकवायचं. पाणी किती, रंग कसा, पाझर कोणत्या अंगानं येतो, कपारीत पारवे आहेत का. पाच मिनिटांनी परत येऊन अगदी समाधानानं सांगायचे, "बरी हाय." जणू आजारी मावशीची तब्येत बघून आले. सख्ख्या भाच्याच्या लग्नात बुद्धवंदना सुरू व्हायची वेळ झाली तरी हा मामा मांडवात नव्हता. शोधाशोध झाली तेव्हा तो मांडवामागच्या विहिरीवर सापडला, सुतळीला खडा बांधून खोली मोजत होता.

दोरवाले हे नाव त्यांना परभणीजवळच्या झरी गावाच्या वाटेवरच्या लोकांनी दिलं. खांद्यावर दोराचं वेटोळं, दोराच्या टोकाला लोखंडी वजन, बगलेत नोंदवही. एसटीत चढले की कंडक्टर हमखास विचारायचा, "साहेब, दोर हाय, मग जनावर कुठंय?" सर तेवढ्याच गंभीरपणे सांगायचे, "जमिनीखाली हाय. तेच धरायला चाललोय." कंडक्टर हसायचा, पण सर थट्टा करत नव्हते. त्यांना खरोखर तेच वाटायचं.

बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता आणि पाण्याचा अभ्यास करावा असं सगळ्यांनाच एकदम सुचलं होतं. परभणीत सरकीच्या गोदामामागच्या दोन खोल्यांत आमची छोटीशी संशोधन योजना सुरू झाली. झरीच्या पलीकडचं एक गाव घ्यायचं, त्या शिवारातल्या बावीस विहिरी रोज मोजायच्या, आणि त्यांच्या पाण्याचं एकमेकींशी, कालव्याशी, पंपांशी काय नातं आहे ते शोधायचं. मी पाथरीची, गणितात पदवी घेऊन घरी बसलेली. मला तिथं गणक म्हणून घेतलं. हातानं फिरवायचं एक हिशेबाचं यंत्र होतं, ते दिवसभर खडखड फिरवायचं आणि हातांचे फूट करायचे. सर मला "गणकबाई" म्हणत. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. त्या घरांतली माणसं आजही तिथं आहेत.

"विहीर एकटी नसते," हे सरांचं आवडतं वाक्य. दिवसातून चारदा तरी ऐकावं लागे. भिंतीवर त्यांनी एक भला मोठा कागद लावला होता. त्यावर बावीस गोल, कालव्याची निळी रेघ, पंपांच्या लाल फुल्या. एवढ्यावर थांबले असते तर ते सर कसले. मेंढरांचे कळप कोणत्या महिन्यात येतात आणि कुठं पाणी पितात, वीज कोणत्या वेळी येते, कोणत्या वस्तीवर लग्नं जास्त, हेही सगळं त्या कागदावर. मी एकदा म्हटलं, "सर, लग्नांचा आणि पाण्याचा काय संबंध?" ते म्हणाले, "पाचशे पानं उठली की विहीर बोटभर बसते, गणकबाई. माणसं धरून विहीर मोजायची. माणसं सोडून मोजली तर तो नुसता खड्डा." विहिरीचं पाणी उतरलं की ते त्या विहिरीकडं नंतर बघत. आधी तिच्या शेजारणींच्या नोंदी काढायला लावत.

चौदा नंबरची विहीर गयाबाईंची. गावातली सगळ्यांत खोल, काळ्या दगडात बांधलेली, चिंचेखालची. योजनेच्या पहिल्या आठवड्यात मी सरांबरोबर तिथं गेले होते. सर चिंचेपाशी पोचले आणि काठाकडं वळणार तोच गयाबाई गोठ्यातून बाहेर आल्या. साठीच्या, ठेंगण्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. त्यांनी सरांचं गाव विचारलं, मग आडनाव विचारलं, आणि आवाज न चढवता म्हणाल्या, "साहेब, तुमी तिथंच थांबा. तुमी सरकारी मानूस, माजं काय म्हननं न्हाई. पर आमच्यात शिवत न्हाईत."

माझेच कान गरम झाले. सर जागचे हलले नाहीत. दोर खांद्यावरून काढला आणि दगडावर ठेवला. "बरं मायबाई. मग तुमच्याच घरातल्या मानसानं मोजायचं. रोज सकाळी, पहिली बादली काढायच्या आधी. वजन पाण्याला टेकलं की दोर धरायचा, वर ओढायचा आन् हातानं मोजायचा. जितके हात तितक्या रेघा, गोठ्याच्या भिंतीवर, कोळशानं. मी बेस्तरवारी येऊन रस्त्यावरूनच उतरून घेईन. तकलीफ पडंल का?" गयाबाईंना त्यात तकलीफ काही दिसली नाही. सून पोरगेली होती, उंच होती, कामाला वाघ होती. ती मोजील, म्हणाल्या.

परत येताना सर सायकलवर बसले नाहीत. मग सायकल हातात धरून चालता चालता त्यांनी आपल्या आईची गोष्ट सांगितली. जिंतूर तालुक्यातलं त्यांचं गाव. ते लहान असताना आई घागर घेऊन विहिरीपासून वीस पावलांवर उभी राहायची. कुणाला दया आली तर वरून पाणी ओतणार. "छप्पन साली धम्म घेतल्यानंतर तिनं उभं राहणं सोडलं. आम्ही आमची विहीर खणली. पण गणकबाई, मला लहानपणी एकच वाटायचं. पाणी नाही मिळालं तरी चालेल, आत काय आहे ते एकदा वाकून बघायला मिळावं." एवढं बोलून त्यांनी सायकलवर टांग टाकली. सर प्रत्येक विहिरीत का डोकावतात हे मला त्या दिवशी कळलं. त्यानंतर मी त्यावरून त्यांना कधी चिडवलं नाही.

चौदा नंबरसाठी काढलेली ही युक्ती सरांना इतकी पटली की त्यांनी ती बावीसही विहिरींना लावली. ज्याची विहीर त्याचा हात. लोकांचं माप लोकांच्या हाती, आपण फक्त दीड फुटानं गुणायचं. गावभर गोठ्यांच्या आणि परसांच्या भिंतींवर कोळशाच्या रेघा उमटल्या. दर गुरुवारी सर त्या वहीत उतरवून आणत आणि शुक्रवारी माझं यंत्र खडखडायला लागे.

वर्ष होत आलं तेव्हा चौदा नंबरनं काहीतरी विलक्षण दाखवलं. महिन्यातून एकदा, तीन-चार दिवस, तिचं पाणी जवळजवळ दोन हात खाली जायचं आणि पुन्हा होतं तिथं यायचं. दर महिन्याला. उन्हाळा असो, पावसाळा असो. सरांनी आलेखाच्या कागदावर ठिपके जोडले आणि ते उभेच राहिले. पंचांग मागवलं. पहिले तीन-चार महिने पाणी उतरायचे दिवस अमावास्येच्या आसपास पडत होते. "चंद्र," ते हळूच म्हणाले. "समुद्राला ओढतो, तसा हिलाही ओढतो. ही सगळ्यांत खोल आहे, खालच्या भेगांपर्यंत गेलीय, म्हणून हिलाच कळतंय." बाविसांतल्या बाकीच्या एकवीस विहिरींना यातलं काही कळत नव्हतं. मग पुढच्या महिन्यांत ते दिवस अमावास्येपासून सरकत गेले, तर सरांनी त्यालाही कारण शोधलं. मुरमातून पाणी सरकायला वेळ लागतो, म्हणाले. मला ते पटलं नव्हतं. पण सरांचा चेहरा असा फुलला होता की मी गुपचूप पुढचे आकडे काढून दिले.

गावातही बातमी पसरली. "चांद चौदा नंबरचं पानी वढायलाय," असं लोक पारावर सांगू लागले. परभणीतल्या मोठ्या साहेबांच्या कानावर गेलं आणि ज्या खोल्यांकडं वर्षभर कुणी फिरकलं नव्हतं तिथं खुर्च्या कमी पडू लागल्या. योजनेची मुदत पुढच्या मार्चपर्यंत होती. मोठ्या साहेबांनी सांगितलं, हा चंद्राचा निबंध पुण्याच्या परिषदेत वाचा, मग मुदत वाढवून घेणं माझ्याकडं लागलं. नाही वाढली तर सर परत बियाणं तपासायच्या टेबलावर जाणार होते, डब्यातले दाणे चिमट्यानं वेगळे करायला. बावीस विहिरी अर्ध्यावर राहणार होत्या. म्हणून निबंध टंकून झाला, आलेख काळ्या शाईत निघाला, गाडीचं आरक्षणही झालं.

आणि चंद्र थांबला. एक महिना गेला, पाणी उतरलं नाही. दुसरा गेला. चार, पाच महिने सरळ रेघ. सर येरझाऱ्या घालत. पंचांग दोनदा बदलून पाहिलं. मग एका आठवड्यात पाणी एकदम दोन हात खाली गेलं आणि तिथंच राहिलं, वर येईना. त्याच आठवड्यात सर तापानं फणफणले. गुरुवारी रेघा उतरवायला मलाच जावं लागलं.

गोठ्याच्या भिंतीपाशी गयाबाई बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "आज साहेब न्हाई का?" मी म्हटलं, ताप आलाय. मग सहज विचारलं, सूनबाई कुठं दिसत नाहीत. "शांता माहेरला गेली. बाळंतपनाला. सातवा सरला की. म्हून आता मीच मोजायलेय." मी रेघा उतरवत होते. पेन्सिल मध्येच थांबली. मी विचारलं, "काकू, एरवी रोज शांताच मोजायच्या?" त्या माझ्याकडं बघून जरा हसल्या. "रोज कसं जमंल माय. बाईमानसाचे चार दिस असतेत. तवा विहिरीला शिवायचं न्हाई. ते चार दिस मी मोजायची." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आता हे काय साहेबाला सांगायचं असतंय व्हय?"

मी त्यांना दोर सोडायला लावला. पाण्याला वजन टेकलं, त्यांनी दोर वर ओढला आणि कोपरापासून बोटांपर्यंत हात लावत मोजला. एकवीस. तोच दोर मी मोजला. मी शांताएवढीच उंच. एकोणीस. विहिरीचं पाणी जागचं हललं नव्हतं. हलत होता तो हात. ठेंगण्या सासूचा आखूड हात आणि उंच सुनेचा लांब हात, आणि आम्ही दोघींनाही दीड फुटानं गुणत बसलो होतो. पाच-सहा महिन्यांपूर्वी चंद्र का थांबला याचं उत्तर तर आता माहेरी गेलं होतं.

सरांना सांगायचं कसं, हा खरा प्रश्न होता. त्या काळी वरिष्ठ पुरुषापुढं हा विषय काढणं म्हणजे परीक्षाच. घरी पाथरीला मीही ते चार दिवस बाजूला बसत आले होते, आणि परभणीत ऑफिसात मात्र त्याच दिवसांत सगळ्या वह्या शिवत होते. मी दोन दिवस शब्द जुळवले. शेवटी शनिवारी त्यांच्या टेबलापाशी उभी राहिले आणि भिंतीवरच्या आलेखाकडं बघत सगळं एका दमात सांगून टाकलं. सरांनी निबंध उचलला, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत शांतपणे वाचला, आणि पालथा ठेवला. मग म्हणाले, "गणकबाई, हे तुमच्याऐवजी दुसऱ्या कुणाला दिसलं नसतं. उपकार झाले." नंतर खो खो हसले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. त्यातलं हसण्याचं किती आणि दुसरं किती, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

सोमवारी मोठ्या साहेबांसमोर बैठक झाली. आलेख धरायला मी होते. सरांनी उभं राहून सांगितलं की निबंध मी मागं घेतोय, आणि का तेही सांगितलं. खोलीत खसखस पिकली. कुणीतरी म्हणालं, चंद्र नव्हे, सूनबाई. मोठे साहेब मात्र हसले नाहीत. म्हणाले, "शेवटचे महिने गाळा आणि वाचा. पुण्याहून कोण येणार आहे तुमची विहीर बघायला? मुदत वाढू द्या, मग हवं तर दुरुस्त करा."

सर म्हणाले, "साहेब, चुकीचं आहे हे कळल्यावर मला ते वाचता येणार नाही. दोन वर्षं मीच सांगतोय की विहीर एकटी नसते. चौदा नंबर एकटीच हलत होती, तेव्हाच मला ओळखायला पाहिजे होतं." मग ते जे बोलले ते मला अजून शब्दाशब्दानं आठवतं. "ज्या घरानं मला काठावर येऊ दिलं नाही, त्याच घरात सुनेलाही चार दिवस येऊ देत नव्हते. माझं मला दिसलं. तिचं दिसलं नाही. माझ्या मोजणीतली चूक ती एवढीच." खसखस थांबली. मुदत काही वाढली नाही. पण त्या खोलीत आलेख धरून उभी असताना मला जितका अभिमान वाटला तितका पुढं मोठमोठ्या सभांतही वाटला नाही. अशा माणसाच्या हाताखाली मी काम केलं, हे मी आजही ताठ मानेनं सांगते.

पाच महिने उरले होते. सरांनी पहिलं काम केलं ते नोंदवहीत एक नवीन रकाना आखला. तारीख, विहीर, पाणी यांच्याही आधी: मोजणारा. "आधी मोजणाऱ्याला मोजा," हे त्यांचं नवीन वाक्य झालं आणि "विहीर एकटी नसते"ला थोडी विश्रांती मिळाली. मग रात्रंदिवस बसून त्यांनी बावीस दोरांना फुटाफुटावर गाठी मारल्या, पाच फुटांवर लाल चिंधी. आता हात कुणाचाही चालणार होता. जुन्या नोंदीही वाया गेल्या नाहीत. मापणाऱ्या सगळ्यांचे हात आम्ही फूटपट्टीनं मोजून आणले आणि मी सगळे आकडे पुन्हा काढले. चंद्र गेल्यावर खरं नातं दिसायला लागलं. वरच्या अंगाचे दोन पंप एकदम चालले की तिसऱ्या दिवशी चौदा नंबर आणि तिच्या खालच्या चार विहिरी बरोबरीनं उतरत होत्या.

गाठींचा दोर द्यायला आम्ही एका गुरुवारी गयाबाईंकडं गेलो तेव्हा शांता तान्ह्या पोरीला घेऊन परतली होती. गयाबाई घाबरल्या होत्या. "माज्या हातामुळं साहेबाचं काम बुडालं म्हनतेत." सर चिंचेखालूनच म्हणाले, "तुमचा हात बराबर हाय मायबाई. सुनेचाबी बराबर हाय. दोन हातांना मी एकच धरलं, ती चूक माजी." गयाबाईंनी दोर घेतला, सोडला, आणि गाठी मोजायला लागल्या. पण मोजायचं काठापासून का रहाटापासून, ते त्यांना उमजेना. सर तिथून सांगत होते, त्या उलटंच धरत होत्या. एकदा झालं, दोनदा झालं, तिसऱ्यांदा चिंधीच निसटली. गयाबाई वैतागल्या. "तिथून वरडून काय बी कळना साहेब. वर या आन् दावा."

बोलून गेल्यावर त्यांच्याही लक्षात आलं असावं. त्यांनी सुनेकडं बघितलं, सुनेनं पोरीकडं बघितलं. शब्द मागं घ्यायला वेळ होता, पण गयाबाईंनी तो घेतला नाही. सरांनी चपला चिंचेखाली काढल्या आणि वीस पावलं चालून काठावर आले. त्यांनी दोर सोडला, गाठी दाखवल्या, गयाबाईंकडून दोनदा करून घेतलं. मग दोर ठेवून दोन्ही हात काठावर टेकले आणि आत वाकले. नेहमीच्या पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ. परत वळले तेव्हा मी वाट बघत होते, "बरी हाय" ऐकायची, पण ते नोंदवही उघडून त्या दिवशीची ओळ लिहायला लागले.

शांताचे चार दिवस त्यानंतरही सुटले नाहीत, खोटं कशाला सांगू. पण त्या उन्हाळ्यात वरच्या दोन पंपवाल्यांनी आळीपाळीनं पंप चालवायचं कबूल केलं आणि खालच्या विहिरी टिकल्या. मार्चअखेर योजना बंद झाली. सरांना बियाण्याच्या टेबलावर, तेही दूर विदर्भात, पाठवलं. मी स्टेशनवर सोडायला गेले तेव्हा त्यांच्या खांद्यावर दोर होताच. पुढं ते वारल्याचं मला पत्रानं कळलं, तेही उशिरा. मी पुढं शिक्षिका झाले. मुलींनी कसलाही आकडा आणला की आधी विचारायची, हा कुणी मोजला, आणि ज्या दिवशी मोजला त्या दिवशी दुसरं कोण मोजू शकत नव्हतं.

योजना बंद होताना वह्या जमा करायचं काम माझ्याकडं होतं. चौदा नंबरची वही मी शेवटची ठेवली. गाठींचा दोर दिला त्या गुरुवारची नोंद सरांच्या अक्षरात आहे. मोजणारा या रकान्यात तोवर सगळीकडं घरच्यांची नावं होती, सासू, सून, धनी. त्या दिवशीच्या ओळीत त्यांनी लिहिलं होतं: स्वतः, काठावरून.